जिनिंगपूर्व सफाई: आधी ओलावा पाहावा
जिनिंगपूर्वी, म्हणजे कापसातील सरकी व रुई वेगळी करण्यापूर्वी, सफाईची यंत्रे जितकी जास्त, तितकी रुई स्वच्छ, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. काटेरी सिलिंडर (यंत्रातील फिरता दंडगोल) कापूस गजांच्या जाळीवरून घासत नेऊन पानांचा चुरा आणि माती खाली पाडते. काड्या व बोंडांची टरफले मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी करवतीसारखे दाते असलेले सिलिंडर लागते, ज्याच्या दातांत कापूस अडकून राहतो आणि जड कचरा फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकला जातो (त्याबरोबर थोडा कापूसही जातोच, म्हणून तो परत मिळवणारे सिलिंडर खाली बसवतात). खरी मेख ओलाव्यात आहे. कोरडा कापूस कचरा सहज सोडतो, परंतु अति वाळवल्यास जिनिंगमध्ये तंतू तुटतात, म्हणून तंतूंतील ओलावा ६ ते ७ टक्के राखणे श्रेयस्कर. हाताने नीट वेचलेल्या कापसाला इतकी यंत्रे लागतही नाहीत.