दादाच्या दारूवरचा पहारा कसा सोडू?

मदत हवी आहे. मोठा भाऊ गेली सहा वर्षं पितोय आणि मी पहारा देतेय. बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवायची, सकाळी उठल्या उठल्या ती बघायची. तो उठला नाही की ऑफिसात फोन करून "ताप आलाय" सांगायचं. परवा कपड्यांच्या घडीत बाटली सापडली, मी ती बेसिनमध्ये ओतली. संध्याकाळी त्याने दुसरी आणून काही न बोलता माझ्यासमोर ठेवली.

व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी १९५१ साली सुरू झालेल्या अल-अनॉनच्या बैठकीला दोनदा गेले. तिथे ऐकलं की हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरंही करू शकत नाही. पहिलं ऐकून रडू आवरेना. दुसरं अजून घशाखाली उतरत नाही.

खोटे फोन बंद केले, तेवढं जमलं. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. मग तो चिडून "उद्यापासून बंद" म्हणाला की मी हातावर हात ठेवून कशी बसू? जीवाला धोका असेल तेव्हा धावायचं, हे कळतं. बाकी वेळी? उधारी फेडायची नाही, ठीक. उलटी पुसायची का? जेवायला थांबायचं का?

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा ना, तुम्ही रेघ कुठे ओढलीत? आणि दारात त्याच्या किल्ल्या वाजेपर्यंत झोप येत नाही, त्याचं काय केलंत?