बातमीच्या वेशातली जाहिरात: ओळखायची कशी, तक्रार कुठे करायची?

प्रश्न
पुरवणीत अर्धं पान एका गृहप्रकल्पाचं कौतुक आहे. मथळा बातमीचा, टाइपही बातमीचाच, 'जाहिरात' हा शब्द कुठेच नाही. पैसे देऊन छापलंय हे ओळखायचं कसं? आणि दाद कुठे मागायची?

उत्तर १
आधी मथळ्याखाली बघा. गाव आणि बातमीदाराचं किंवा वृत्तसंस्थेचं नाव नसेल, नुसतंच 'वाणिज्य प्रतिनिधी' असेल, तर शंका घ्या. मग चौकटीचे कोपरे तपासा. 'प्रायोजित' किंवा 'मार्केटिंग उपक्रम' असं अगदी बारीक टाइपात दडवलेलं असतं. कॉलमची रुंदी शेजारच्या बातमीशी ताडून बघा. तरी खरी खूण मजकुरातच सापडते: सगळी विधानं विकणाऱ्याचीच, उलट प्रश्न एकही नाही, शेवटी बुकिंगचा पत्ता.

त्या दिवशीची इतर दैनिकंही चाळा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पेड न्यूजची चर्चा देशभर पेटली ती त्यानंतर.

उत्तर २
गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतोच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. जाहिरात बातमी म्हणून छापली की हे दोन्ही गाळायला वाट मिळते, आणि फसतो तो घर घेणारा. म्हणून बिल्डरची तक्रार महारेराकडे आणि ॲस्कीकडे (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे) करा, वृत्तपत्राची प्रेस कौन्सिलकडे. कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं. ते पत्र आणि आलेलं उत्तर तक्रारीला जोडा. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून २ महिने. कात्रण कापू नका, अख्खं पान ठेवा. तारीख, आवृत्ती, पान क्रमांक दिसायला हवेत. कौन्सिल समज देते, ताशेरे ओढते, पण दंड करू शकत नाही. ही मोठीच उणीव आहे.

उत्तर ३
मजकूर उमेदवाराचा असेल तर रस्ता वेगळा, आणि घाईचा. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लगेच अर्ज द्या. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ९६ तासांत नोटीस काढायची, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पेड न्यूज ठरली की तेवढ्या जागेचा जाहिरात दर उमेदवाराच्या खर्चात धरतात. याला दात आहेत: जाहिरातीवजा मजकुराचा खर्च दडवल्याबद्दल उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११ मध्ये निवडणूक आयोगाने ३ वर्षांसाठी अपात्र ठरवलं.