मदत हवी आहे: शेरूचा गोचीडताप उलटलाय, लवकर सांगा

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा शेरू दोन दिवस झाले काही खात नाही, भाकरी पुढ्यात तशीच वाळतेय. मागच्या महिन्यात गोचीडताप झाला होता. औषध केलं, बरा झाला, मांजरामागे पळायलाही लागला होता. आता परत तेच. आज सकाळी शिंकला तर फरशीवर रक्ताचे थेंब. प्लेटलेट ३८ हजार. आमचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर घरी काय देऊ? "डॉक्टरकडे जा" सोडून सांगा, तेवढं मला कळतं.

खोडरबर
वय, वजन, जात? प्लेटलेट आताच्या की मागच्या महिन्यातल्या? आधी कोणतं औषध, किती दिवस?

सातारी_कंदी
प्लेटलेट कालच्याच, लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला. गावठी आहे, चारेक वर्षांचा. वजन कशाला हवंय?

खोडरबर
गोळी वजनावर ठरते म्हणून. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. ३८ हजारांवर नाकातून रक्त येतंय म्हणजे सोमवारची वाट बघायची वेळ नाही ही.

अण्णा_कोरेगावकर
पपईची कोवळी पानं वाटून रस काढा, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. माझ्या मेव्हण्याच्या डेंग्यूत तीन दिवसांत प्लेटलेट दुप्पट. उगाच इंजेक्शनांच्या नादी लागू नका.

काळूची_आई
अण्णा, मेव्हण्यांना गोचीड चावली होती का? डेंग्यूचा विषाणू शरीर स्वतःच हटवतं. इथे एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करून बसतो, त्याला अँटिबायोटिकच लागतं. आमच्या काळूला (लॅब्राडोर, ३१ किलो) मीही तो रस पाजला होता. सगळा माझ्या साडीवर ओकला, वर पोटात होतं नव्हतं तेही गेलं. शेवटी डॉक्सिसायक्लिनचे २८ दिवस, एक दिवस न चुकवता, तेव्हा उठली. कंदी, तुम्ही किती दिवस दिली?

अण्णा_कोरेगावकर
ओकला म्हणजे पानं जून असणार.

सातारी_कंदी
वजन २० किलो. पोराने त्याला उचलून काट्यावर उभं राहून स्वतःचं वजा केलं. गोळी डॉक्सीच होती, १०० ची. नऊ दिवस दिली. नवव्या दिवशी चपाती खाल्ली म्हणून थांबवली.

काळूची_आई
झालं! अहो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कुत्रं टुणटुणीत दिसायला लागतं, सगळे तिथेच फसतात. जंतू आत तसेच असतात.

खोडरबर
२० किलोला सहसा दिवसाला २०० लागते. रोज दोन गोळ्या देत होतात ना?

सातारी_कंदी
चिठ्ठीवर दोनच होत्या. बाबा एकच द्यायचे, गोळ्या उष्ण पडतात म्हणून. मला आत्ता विचारल्यावर कळलं. तीही दुधात कालवून.

खोडरबर
दुधातल्या कॅल्शियमने डॉक्सी बांधली जाते, अंगी कमी लागते. म्हणजे अर्धा डोस, तोही अर्धवट पोचला, तोही नऊ दिवस. शेरू इतके दिवस पळाला हेच विशेष.

फलटण_डेअरी
एवढी चर्चा कशाला? आमच्या जर्सीला गोचीडताप झाला, लघवी लाल झाली. डॉक्टरांनी बेरेनिल टोचलं, दुसऱ्या दिवशी वैरण खायला लागली. तेच टोचा.

खोडरबर
दादा, तो बबेसिया नावाचा वेगळा परजीवी. तांबड्या पेशी फोडतो. कुत्र्यांतल्या बबेसिया गिब्सोनीवर बेरेनिलचा भरवसा नाही, आणि डोस जरा चुकला तर कुत्र्याच्या मेंदूवर जातं. पण मुद्दा चांगला काढलात. कंदी, लघवीचा रंग बघा. ओठ वर करून हिरड्याही बघा.

सातारी_कंदी
लघवी कोऱ्या चहासारखी. हिरड्या गुलाबी नाहीत, खडूसारख्या.

काळूची_आई
सोमवार विसरा. आजच निघा.

चिमणराव७२
गोचिडींचा बंदोबस्त आधी करा, नाहीतर सगळं फुकट. घरभर परमेथ्रिन मारा, कुत्र्यालाही लावा. आम्ही गोठ्यात तेच वापरतो.

माऊताई
थांबा! पहिल्याच पोस्टमध्ये "मांजरामागे पळायला लागला" लिहिलंय. ते मांजर घरचं आहे का?

सातारी_कंदी
हो, बोका आहे. त्याला काही झालेलं नाही. त्याचा काय संबंध?

माऊताई
मांजराचं यकृत परमेथ्रिन पचवू शकत नाही. लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपला तरी झटके येऊन जाऊ शकतो. कुत्र्यासाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची खायची गोळी मिळते, ती डॉक्टरांना विचारा.

चिमणराव७२
आमच्या गोठ्यात मांजरं आहेत, एकही मेलं नाही.

माऊताई
मोजली होती का?

बांदेकर
गोचिडीने माणसांनाही ताप येतो ना? २०१६ ला दोडामार्गात माकडताप होता, आम्ही काजूच्या बागेत जायला घाबरायचो.

खोडरबर
तो विषाणू वेगळा, गोचीड वेगळी, जंगलातली. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. शेरूच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरात राहणारी. मादी रक्त पिऊन टम्म झाली की उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. कंदी, शेरू झोपतो तिथे टॉर्च मारून बघा. आणि सापडली तर नखाने चिरडू नका.

बांदेकर
आमच्याकडे फणसाच्या चिकाने काढतात.

वाई_गणपती
शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हायवेलाच. फोन करून निघा. वाटेत क्रोसिन-ब्रुफेन काही देऊ नका, आधीच रक्त जातंय.

सातारी_कंदी
निघालो. बाबा गाडीत मागे शेरूला मांडीवर घेऊन बसलेत, बोलत नाहीयेत.

सातारी_कंदी
(दोन दिवसांनी) उशीर झाला, माफ करा. कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर बघितलं. बबेसिया गिब्सोनी निघाला, टेस्टमध्ये एर्लिकियाही. म्हणजे दोन्ही. पण टेस्ट अँटिबॉडी बघते, जुन्या दुखण्यानेही पॉझिटिव्ह येते, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्सी पूर्ण डोसने २८ दिवस. सोबत अझिथ्रोमायसिन आणि ॲटोव्हाक्वोन दहा दिवस. हे ॲटोव्हाक्वोन माणसांच्या मलेरियाचं, किंमत विचारू नका. गंमत म्हणजे डॉक्सी दुधातून नको, पण हे तुपाच्या घासातच द्यायचं, तरच लागू पडतं. बाबांनी दोन्ही वेळा फडताळाच्या दारावर खडूने लिहून ठेवल्यात. रक्त चढवायची वेळ आली नाही, थोडक्यात वाचला. आज अर्धं अंडं खाल्लं.

गोचिडी सापडल्या. त्याच्या गोणपाटामागे भिंतीचा पोपडा सुटलाय. पेचकसने उचकटला तर आत मिरीएवढ्या राखाडी गोचिडी रांगेने बसलेल्या, खाली मोहरीसारख्या अंड्यांचा ढीग. उकळतं पाणी ओतलं, गोणपाट जाळलं, उद्या भेग सिमेंटने बुजवतोय. बोका दोन दिवस बहिणीकडे.

काळूची_आई
अर्धं अंडं म्हणजे आला परत! दहा दिवसांनी प्लेटलेट परत करा. २८ व्या दिवसाआधी थांबवलीत तर मी साताऱ्याला येईन.

अण्णा_कोरेगावकर
सोबत पपई चालू ठेवायला हरकत नसावी.

चिमणराव७२
सिमेंट कोणतं?

पिंकी_परभणी
आमच्या पोपटाची पिसं गळतायत, सारखा खाजवतो. इथेच विचारू की नवीन धागा काढू?