पहिला चांगला हेडफोन घ्यायचा आहे: ख्याल, कूलर आणि बारा हजार

पऱ्हाटी:
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडचा आहे, तालुक्यापासून बराच आत. बाबा गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवायचे, म्हणून सूर घरातच होता. पुढे आकाशवाणी नागपूरवर शास्त्रीय संगीत ऐकता ऐकता ख्यालाचं वेड लागलं. आजवर पाचशे रुपयांच्या इअरफोनवर भागवलं, तक्रार नव्हती.

परवा यवतमाळात मित्राच्या पोराचा हेडफोन पाच मिनिटं कानाला लावला. कंपनी विचारायचं राहून गेलं. पण त्यावर जो भूप राग लावला होता तो मी वीस वर्षांपासून ऐकून राहिलो, आणि त्यात मागे दोन तानपुरे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी एकच समजत होतो.

तेव्हापासून झोप नाही. कापसाचा चुकारा आला की बारा हजारांपर्यंत टाकायची तयारी आहे (घरी आठ सांगितले आहेत). फोनला जॅक नाही, टाईप-सी आहे. एक जुना लॅपटॉप आहे. ऐकणं रात्री नऊनंतर, जेवणं आटोपल्यावर. थंडीत आंगणात बाजेवर, मार्च ते जून मधल्या खोलीत, जिथं खिडकीत कूलर आहे. ऐकतो ते ख्याल, थोडी ठुमरी, सतार आणि बाबांची मी फोनवर भरून ठेवलेली भजनं. डीजेसारखा धमधम बेस नको. वायरचा घ्यावा का बिनवायरचा? आणि हे ओपन बॅक, क्लोज बॅक काय प्रकरण आहे?

रातकिडा:
बिनवायरचा, नॉइज कॅन्सलिंगवाला घ्या. कूलरचा आवाज गायब होते. विषय संपला.

रेडिओकाका, अकोला:
विषय इतक्यात संपत नाही गड्या. पण तुझं अर्धं बरोबर आहे, ते आधी सांगून टाकतो. नॉइज कॅन्सलिंग सगळ्यात चांगलं चालतं ते एकसुरी, खालच्या आवाजावर. विमानाचं इंजिन, पंखा, कूलर. भांड्यांचा आवाज किंवा कोणी हाक मारली तर तितकं नाही. म्हणजे कूलरपुरतं ते कामाचं आहे.

आता दुसरं अर्धं. बारा हजारांच्या बिनवायरच्या हेडफोनमध्ये पैसे बॅटरी, चिप, माइक, ॲप यांच्यात वाटले जातात, आणि बॅटरी काही वर्षांत मान टाकते. वायरच्यात पैसा जातो आवाज करणाऱ्या पडद्यात आणि कानावरच्या गादीत. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा नमुना, लोक अजून वापरतात, गाद्या बदलायच्या आणि पुढं चालायचं. पहिला हेडफोन लोकांनी दहा वर्षांच्या हिशेबानं घ्यावा असं मला वाटतं. बैलजोडी घेताना आपण तसंच पाहतो.

पऱ्हाटी भाऊ, ओपन बॅक म्हणजे कानावरच्या वाटीला मागून जाळी असते. हवा खेळते, त्यामुळं आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही, गवई जरा समोर बसल्यासारखा वाटतो. किंमत ही, की बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. शेजारच्या बाजेवरच्या माणसालाही तुमचा भूप ऐकावा लागेल. क्लोज बॅक मागून बंद. बाहेरचा आवाज कमी होतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात अर्ध्या तासात कान उकडून निघतात, आणि रेग्झिनची गादी असेल तर घामानं दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे पापुद्रे निघतात. गादी मखमली असेल तर बरं.

ओहम म्हणजे अडथळा. एचडी ६०० चा ३००, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत मिळतो, ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स ३५. नुसता ओहम पाहून घाबरू नये, किती व्होल्टला किती आवाज देतो तेही पाहावं लागतं. तुमच्या वापराला ३२ ते १२० मधला कोणताही चालेल, वेगळा ॲम्प्लिफायर लागणार नाही. दुकानदार ॲम्प गळ्यात मारेल, घेऊ नका. ते पैसे हेडफोनात टाका.

जवारीवाली:
काकांनी यंत्र सांगितलं, मी कान सांगते. तबला शिकते, चंद्रपूरला असते.

दादा, नागपूरला बर्डीवर जाऊन प्रत्यक्ष ऐकायला मिळालं तर सोडू नका. एखाददुसऱ्या दुकानात तरी डब्याबाहेर काढलेला नग असतो. जाताना स्वतःच्या ओळखीचं एकच ध्वनिमुद्रण न्या, दुकानदार लावेल ते ऐकू नका. ते मुद्दाम असं काहीतरी लावतात की सगळेच हेडफोन भारी वाटतात.

काय ऐकायचं? तानपुऱ्याच्या जवारीपासून सुरुवात करा. घोडीवर तारेखाली जो दोरा असतो त्यामुळं तारेतून वरच्या स्वरांची झिणझिण निघते. वाईट हेडफोनवर ती नुसती भुणभुण होते, चांगल्यावर रेशमासारखी उलगडते, आणि खर्जाची तार संपते कुठं ते कळतं. मग बायाँ, म्हणजे डग्गा. घिस्सा घेतला, म्हणजे तळवा घासत दाबला, की स्वर घसरत वर जातो, तो घसरताना ऐकू यायला हवा. नुसतं 'धुम्म' आलं तर तो हेडफोन बेसचा ढोल आहे, ठेवून द्या. आणि हार्मोनियम गळ्याला चिकटून चाललेली असते ना, तिथं दोन्ही वेगळे होतात का ते बघा. बहुतेक हेडफोन मला वाटतं इथंच नापास होतात, आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

एक इशारा. बायरडायनॅमिकचाच डीटी ९९० प्रो खूप जण सुचवतील. तो वरचे, बारीक आवाज वाढवून देतो. नव्या मुद्रणात चमक वाटते, पण आपली जुनी मुद्रणं ऐकताना स, श, च कानात टोचतात आणि टेपची फुसफुस पुढं येऊन बसते. मी सहा महिने वापरून विकला.

झाडीपट्टीकर:
मी झाडीपट्टी नाटकाच्या साउंडवर आहो, वडसा लाइनले. आमच्याकडे सोनीचा एमडीआर-७५०६ चालते. १९९१ पासूनचा मॉडेल हाय तो, गुंडाळ्या वायरचा. माइक कुठं शिट्टी मारून रायला, कोनाचा आवाज फाटून रायला, लगेच सांगते. पन ते कामाचं अवजार हाय राजेहो. रातभर नाटक करून घरी आल्यावर मी तो कानाले लावत नाही. कामाचा आनि सुखाचा हेडफोन येगळा असते, येवढंच सांगतो. 'स्टुडिओ' लिवलं म्हनून घेऊ नका.

आनि भाऊ, रात्री ओलीत कराले जाता का? तिथं नका लावू कान झाकून. आमच्याकडे वाघ हाय, तुमच्याकडे रानडुक्कर तरी असनच.

पऱ्हाटी:
सगळ्यांचे आभार. झाडीपट्टीकर भाऊ, शेतात लावत नाही. मागच्या वर्षी बांधावर घोणस होती, ती फुसकारली म्हणून कळली. तेव्हापासून शेतात रेडिओसुद्धा नाही.

दोन प्रश्न. थंडीत ओपन बॅक आणि उन्हाळ्यात क्लोज बॅक लागते, असं माझं डोकं सांगून राहिलं, पण पैसे एकाचेच आहेत. आणि टाईप-सीचं काय करू? शंभर रुपयांची जोडणी आणली बसस्टँडवरून, फोन ओळखतच नाही तिला.

रेडिओकाका, अकोला:
शंभर रुपयेवाल्या बहुतेक जोडण्यांत नुसती तार असते. फोन स्वतः आवाज तारेत बाहेर देत असेल तरच त्या चालतात, आणि बरेच फोन देत नाहीत. तुम्हाला हवी ती आत डॅकची चिप असलेली. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांपासून आवाज तयार करणारा भाग. ॲपलची छोटी पांढरी जोडणी लॅपटॉपला उत्तम आहे, पण पुष्कळ अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज बारीक येतो. तेव्हा दुसऱ्या कंपनीची घ्या, आणि डब्यावर डॅक लिहिलेलं बघा.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. चार्जर लावून ऐकताना कानात घूंऽऽ आला किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणलं, तर दोष हेडफोनचा नाही. घराला अर्थिंग नाही, किंवा तिसरी पिन कोणी तरी तोडून प्लग बसवला आहे. चार्जर काढून बॅटरीवर ऐका, घूं जाईल. दुकानदाराशी भांडू नका. मी तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या होत्या.

जवारीवाली:
दोन ऋतूंचं उत्तर माझ्याकडे आहे. मुख्य हेडफोन ओपन घ्या, थंडीसाठी, कारण खरं निवांत ऐकणं तेव्हाच होतं. उन्हाळ्यासाठी कानात बसणारे तारेचे इअरफोन घ्या. तुमच्या आधीच्या पाचशेवाल्यांसारखे नाहीत. मूनड्रॉपचा चू किंवा सेव्हनहर्ट्झचा झिरो, असे. कमी पैशात इतका प्रामाणिक आवाज दहा वर्षांपूर्वी मिळत नव्हता. रबराचं टोक नीट बसलं की कूलर बराच कमी होतो आणि कानाला वाटी नसल्यामुळं घामही नाही.

यात एक गोष्ट सगळे विसरतात. कूलर चालू असताना ओपन हेडफोन लावला तर तुम्ही नकळत आवाज वाढवत जाता, कूलरच्या वर नेता. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांचा आहे, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. मोठ्या आवाजानं येणारं बहिरेपण तार सप्तकाच्याही बरंच वर, चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. जवारी आधी जाईल, ट्रॅक्टर मात्र ऐकू येत राहील.

रातकिडा:
मग माझा नॉइज कॅन्सलिंग वाईट का?

जवारीवाली:
वाईट नाही हो. फोनवर बोलायचं असतं, एसटीत बसायचं असतं, तर मी पण तोच सुचवला असता. दादांना रात्री एका जागी बसून तासभर विलंबित ऐकायचं आहे.

झाडीपट्टीकर:
हेडफोन सोडा, गानं कुठून आनता ते सांगा. मेमरी कार्डात भरून घेता का मोबाइलवाल्याकडून?

पऱ्हाटी:
हो. तिथूनच. बत्तीस जीबी, दोनशे रुपये. का?

झाडीपट्टीकर:
मंग आधी रडाची तयारी ठेवा.

रेडिओकाका, अकोला:
तो थट्टेत बोलला पण खरं आहे. सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात. कार्डात भरून देतात ती एमपी३ बहुधा १२८ ची, म्हणजे अकरावा हिस्सा. दाबताना १६ हजार हर्ट्झच्या आसपास वरचं कापून टाकतात, आणि तबल्याच्या चाटेचा, म्हणजे काठावरचा 'ता' लागण्याआधी एक पुसट सावली पडते. पाचशेच्या इअरफोनवर हे झाकलेलं होतं. आता उघडं पडेल. त्यात ती फाइल कोणी आधीच दोनदा दाबलेली असली तर तानपुरा पाण्यात बुडाल्यासारखा गुडगुडतो.

म्हणून फ्लॅक (FLAC) फाइल किंवा पैसे भरून घेतलेली चांगल्या दर्जाची गाण्यांची सेवा. फ्लॅकमध्ये काही फेकलेलं नसतं, जागा मात्र सीडीच्या साधारण निम्मी लागते. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर फाइली उतरवून आणा. आणि जुनी बरीचशी मुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच. गवई डोक्याच्या मधोमध बसल्यासारखा वाटेल. हेडफोन बिघडला असं समजू नका.

पऱ्हाटी:
(पाच आठवड्यांनी)
चुकारा आला. उशीर झाला, पण आला.

बर्डीवर गेलो. तीन दुकानांपैकी दोघांनी डबा उघडायला नाही म्हटलं. तिसऱ्याकडे एम४०एक्स आणि सेनहायझरचा एचडी ५९९ दोन्ही बाहेर होते. जवारीवाली ताईंचं ऐकून माझाच भूप नेला होता. एम४०एक्सवर तबला जवळ आला, फार नेमका, पण गळा जरा बाजूला सरकल्यासारखा. ५९९ वर गळा मधोमध, आणि हार्मोनियम त्याच्या मागं पाऊलभर अंतरावर. तिथंच ठरलं. दुकानात भाव जास्त होता, ऑनलाइन सेलमध्ये बारा हजारांत बसला. आमच्या पिनकोडवर येत नव्हता, म्हणून यवतमाळला साळ्याच्या पत्त्यावर मागवला. सोबत चू आणि डॅकवाली जोडणी. एकूण बारा हजारांच्या वर गेलं, ते आकडे इथं लिहीत नाही, कारण घरात मोबाइल एकच नाही.

डब्यावर छापील किंमत मोठ्या अक्षरात असते हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस जेवताना शांतता होती.

आता ऐकण्याबद्दल. दोन वायर आल्या, एक तीन मीटरची जाड पिनवाली, एक छोटी १.२ मीटरची. बाजेवर छोटीच बरी. गादी मखमली आहे, थंडीत कान गरम राहतात, हा फायदा कोणी सांगितला नव्हता. पहिल्या रात्री दोन वाजले. कार्डातल्या फाइली लावल्या तेव्हा काका म्हणतात तसंच झालं, निम्म्या पुसून टाकल्या. एका मैफलीत गवयानं समेआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. त्याच्या आधी कोणीतरी पानाचा डबा बंद करतो, तो आवाजसुद्धा.

बाबांची भजनं मात्र वाईट वाजली. खंजिरीवर थाप पडली की बाबांचा आवाज खाली बसतो, मग हळूहळू वर येतो. दरवेळी. फोनमध्ये काही बिघडलं होतं का?

रेडिओकाका, अकोला:
बिघडलं नव्हतं. फोन आपोआप आवाज सांभाळतो. मोठी थाप आली की सगळंच खाली दाबतो, मग सोडतो. जुन्या मुद्रणाचं आता काही करता येणार नाही. बाबा अजून म्हणतात का? म्हणत असतील तर पुढच्या वेळी असं रेकॉर्डिंग ॲप घ्या ज्यात ही आपोआप पातळी बंद करता येते, पातळी हातानं कमी ठेवा, फाइल न दाबलेली, म्हणजे डब्ल्यूएव्ही. फोन खंजिरीपासून पाच-सहा हात दूर, बाबांच्या तोंडासमोर, पण जमिनीवर नको. घडीच्या गोधडीवर ठेवा.

पऱ्हाटी:
म्हणतात, गुरुवारी. करून पाहतो.

एक अजून. चूचं मधल्या आकाराचं रबर उजव्या कानात बसतं, डाव्यात निसटतं. कान सगळ्यांचे असे वेगवेगळे असतात का माझेच?

जवारीवाली:
सगळ्यांचे असतात. डाव्याला मोठं लावा, उजव्याला मधलंच राहू द्या. कूलर लागायच्या आधी बसवून ठेवा.