बांधावरच्या भिरंडाची टिश्यू कल्चर रोपं होतील का?

भिरंडवाला, देवगड
आमच्या डोंगरातल्या बांधावर एक भिरंड, म्हणजे कोकमाचं झाड आहे. कोणी लावलेलं नाही, आपसूक आलेलं. फळ मोठं, साल जाड, आमसुलांना एक नंबर. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बिया रुजवून बारा रोपं लावली. यंदापर्यंत नऊ फुलली, त्यांतली पाच नर, म्हणजे फळच नाही! लॅबमध्ये बाटलीत तुकड्यापासून वाढवलेल्या केळीसारखी याच झाडाची हुबेहूब रोपं मिळतील का?

काचेतलं_झाड
चार वर्षं लॅबमध्ये बिबळा या झाडावर हेच केलंय, म्हणून सांगतो. केळ गरीब आहे हो, कोंब द्या की वाढते. जुनं झाड हट्टी. फांदीचे डोळे मर्क्युरिक क्लोराइडने धुतले तरी आतली बुरशी चौथ्या दिवशी बाटलीत पांढरी उगवते. वाचलेला तुकडा कापल्या जागी तपकिरी रस सोडतो, खालचं पोषक माध्यम काळं पडतं, की हलवा नव्या बाटलीत. कोळशाची पूड घालून पाहिली, थोडा फरक पडला. एका हंगामात चाळीस बाटल्यांतून माझे तीन कोंब उरले, आणि तिघांनीही मुळं धरली नाहीत.
बी रुजवून त्या कोवळ्या रोपाचा तुकडा घेतला तर हे सगळं बरंच सोपं जातं. पण ते रोप नर की मादी? म्हणजे तुम्ही परत पहिल्याच ठिकाणी. एका झाडासाठी लॅबच्या नादी लागू नका.

कलमवाली
मृदुकाष्ठ कलम करा, म्हणजे कोवळ्या रोपावर तुमच्या झाडाची काडी बांधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' जातही कलमांनीच वाढवतात. फक्त काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची घेतलीत तर कलम जमिनीलगत पसरत बसतं, आमची पहिली वीस तशीच फुकट गेली. आणि नर सगळे तोडू नका, फळ धरायला एखादा लागतोच.

भिरंडवाला, देवगड
शेंडा चाळीस फुटांवर आहे! आमचा पाडेली माडावर सरसर चढतो, पण भिरंडाच्या फांदीवर पाय ठेवायला तयार नाही.

कलमवाली
मग चढूच नका. वरची एखादी फांदी आकडीने छाटून घ्या, खोडावर सरळ धुमारे फुटतात का बघा. फुटले तर काडी तिथलीच घ्या.