नांदूरमध्यमेश्वरला बोटिंग असतं का? पोरं आणि आईबाबा सोबत आहेत

गाडीत_चार_डबे:
डिसेंबरमध्ये नाशिकला मावसभावाकडे जातोय, तेव्हा रविवारी नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य करायचं चाललंय. पोरं ७ आणि ११ वर्षांची, बाबांचे गुडघे दुखतात. गेल्या वर्षी भिगवणला होडीतून फ्लेमिंगो बघितले तेव्हापासून पोरांनी होडी होडी लावलंय. इथे मिळते का? नुसतं काठावरून बघून कंटाळतील का?

निफाडचा_गारठा:
होडी नाही मिळणार दादा. भिगवण म्हणजे उजनीचं बॅकवॉटर, तिथे मच्छीमार फिरवतात, हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे आणि राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, पण हेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्यात इतकी वर्षं गाळ साचून पाणी उथळ झालंय, मध्ये बेटं झालीत, म्हणून तर पक्षी उतरतात. चापडगावला जा, तिकीट काढा, मनोऱ्यावरून मस्त दिसतं. बाबांना जिना जमला नाही तर खालून काठावरूनही भरपूर दिसतं. आणि सकाळी सातच्या आत पोचा, स्वेटर कानटोपी हवीच, निफाडची थंडी हा काय विनोद नाही 😄

झूम_पुरत_नाही:
मला खरंच कळत नाही, एक बॅटरीवरची शांत बोट ठेवली तर काय बिघडणार? लोकं येतील, गावाला चार पैसे मिळतील.

चिखलात_बूट:
@झूम आवाजाचा प्रश्नच नाही हो, होडी दिसली तरी थवा उठतो. ही बदकं हिमालयापलीकडून आलेली, इथे खाऊन अंगावर चरबी चढवून परत तेवढंच उडायचंय त्यांना, आणि आपण फोटोसाठी दर अर्ध्या तासाला उठवायचं? गावाला पैसे द्यायचे तर लोकल गाइड घ्या की, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते. पोरांना त्यातून थापट्या बदक दाखवा, चोच अगदी फावड्यासारखी, माझी भाची तासभर हलली नव्हती. वारकरी पक्षी पण दाखवा, काळं बदकासारखं, कपाळावर पांढरा टिळा, उडायच्या आधी पाण्यावरून पळत सुटतं.
अजून एक, निघायच्या आदल्या दिवशी गाइडला फोन करून विचारा कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलंय का. पाण्याची पातळी बदलली की पक्षी जागा बदलतात. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि समोर नुसता चिखल आणि दोन बगळे.

गाडीत_चार_डबे:
फावडं चोचीचं ऐकून धाकटा तयार झालाय, मोठा अजून फुगलेला आहे. जेवायचं काय करायचं?

निफाडचा_गारठा:
घरून डबा घ्या, पाण्यापासून लांब बसून खा. उरलेली चपाती पक्ष्यांना टाकू देऊ नका पोरांना, आणि प्लास्टिक परत गाडीत. मोठ्याच्या हातात दुर्बीण आणि वही द्या, किती प्रकारचे दिसले ते लिहायला लावा. येताना हरभऱ्याच्या शेतांकडे लक्ष ठेवा, नशीब असेल तर क्रौंच पक्षी चरताना दिसतील, पण गाडीतूनच बघा, खाली उतरलात की गेले.