विलीनीकरण नव्हे, वाटणी

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्ट्सनी (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) सेवा वाटून घेणं म्हणजे विलीनीकरणाची पहिली पायरी. मला तसं वाटत नाही. न्यूयॉर्क राज्यातलं 'बोसेस' घ्या, म्हणजे आसपासच्या डिस्ट्रिक्ट्सना सामाईक सेवा पुरवणारी संस्था. १९४८ पासून चालू आहे, आज अशा ३७ संस्था आहेत, आणि सभासद डिस्ट्रिक्ट्सची शाळामंडळं, कर, अंदाजपत्रक सगळं आपापलं.

चालतं कसं? लहान गावच्या शाळेत वाचादोष असलेली मुलं चार-पाच. त्यांच्यासाठी पूर्णवेळ थेरपिस्ट कुठून परवडणार? मग बोसेसची एकच थेरपिस्ट दोन दिवस या शाळेत, तीन दिवस शेजारच्या. वेल्डिंग शिकणारी पोरं अर्धा दिवस बसने सामाईक केंद्रात जातात. ती यंत्रं प्रत्येक शाळेत मांडायची म्हणजे दिवाळखोरीच. खर्चाचा काही भाग राज्य परत देतं, पण पुढच्या वर्षी. आधी पदरचे घालावे लागतात, खरी मेख तिथे आहे. शिवाय डिस्ट्रिक्ट जितका श्रीमंत तितका परतावा साधारणपणे कमी, हे मला रास्तच वाटतं.

गंमत म्हणजे न्यूयॉर्क सिटी, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स या पाच बड्या शहरांच्या डिस्ट्रिक्ट्सना यात सभासदच होता येत नाही.